चरित्र अभिनेत्रीच्या पडद्यावरील कारकिर्दीची नोंद कशी करावी

गोव्यात एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा सत्कार ठरला की गौरवअंकाचे काम कार्यकारिणीतल्या कोणाच्या तरी गळ्यात पडते आणि बहुतेक वेळा हाताशी महिनाभराचाच अवधी असतो. मग मुखपृष्ठावर देखणे छायाचित्र, आत मान्यवरांचे संदेश, शुभेच्छांच्या जाहिराती आणि कारकिर्दीच्या नावाखाली ‘अनेक चित्रपट व मालिकांतून आई, सासू, मावशी अशा विविध भूमिका साकारल्या’ हे एक वाक्य छापून अंक निघतो. नायिकेच्या बाबतीत एवढ्याने एक वेळ भागते, कारण तिच्या चित्रपटांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेलेले असते. चरित्र अभिनेत्रीविषयी, म्हणजे नायिकेऐवजी आई, सासू अशा भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीविषयी, त्या वाक्यापलीकडे बहुधा कोठेच काही सापडत नाही, त्यामुळे पुढचा अंक काढणाराही तेच वाक्य उचलतो. असे काम अंगावर आलेले कार्यकर्ते आणि चित्रपटविषयक प्रबंधिका लिहिणारे विद्यार्थी यांच्यासाठी नोंदीची एक पद्धत पुढे मांडली आहे.

पद्धतीचा पाया असा की नोंद चित्रपटाची करायची नाही, भूमिकेची करायची. चित्रपटांच्या नावांची यादी कितीही लांब झाली तरी अभिनेत्रीने त्यांत काय केले ते तिच्यातून कळत नाही. १९८२ साली पडद्यावर आलेले ‘गांधी’ आणि ‘अर्थ’ हे दोन चित्रपट रोहिणी हट्टंगडी यांच्या यादीत एकाखाली एक येतात आणि यादी वाचणारा सहज पुढे सरकतो. भूमिकांची नोंद केली तर एकीकडे कस्तुरबा आणि दुसरीकडे दारुड्या नवऱ्याचा मार खात मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवणारी मुंबईतली कामवाली बाई, अशा दोन ओळी शेजारी येतात आणि मजकुराला तेथूनच सुरुवात करता येते.

आधी नावाचा निकाल लावावा

पहिले काम नावांचे, आणि ते वाटते तितके सोपे नसते. विवाहापूर्वीचे नाव, रंगभूमीवरचे नाव, पडद्यावर छापलेले नाव आणि त्याची रोमन लिपीतील निरनिराळी रूपे एका कागदावर मांडल्याशिवाय शोधाला हात घालू नये. रीमा लागू यांचे मूळ नाव नयन भडभडे. ललिता पवार मूकपटांच्या काळात अंबू या नावाने काम करीत असत. हट्टंगडी हे आडनाव रोमन लिपीत कधी ‘आय’ने तर कधी ‘वाय’ने संपते, आणि संगणकावर एकच रूप शोधणाऱ्याच्या हातून काही नोंदी निसटतात.

याहून अवघड अडचण एकाच नावाच्या दोन व्यक्तींची असते. गोव्यात जन्मलेल्या आशालता वाबगावकर यांचे नाव अनेक ठिकाणी नुसते ‘आशालता’ असे येते. त्यांच्या पुष्कळ आधी, बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात, आशालता याच नावाच्या आणखी एक अभिनेत्री होत्या, त्या संगीतकार अनिल बिस्वास यांच्या पहिल्या पत्नी. आंतरजालावरच्या याद्या यंत्राने जुळवलेल्या असतात आणि यंत्राला दोन आशालतांतला फरक कळत नाही. अशा वेळी वर्ष पाहावे, भाषा पाहावी, आणि तरीही शंका उरली तर चित्रपट लावून चेहरा पाहावा. चेहरा पाहिला नसेल तर ती नोंद ‘अनिश्चित’ या वेगळ्या पानावर ठेवावी. हे पान शेवटपर्यंत रिकामे होत नाही आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

श्रेयनामावली डोळ्यांनी वाचावी

दुसऱ्याने केलेल्या यादीवरून नवी यादी करणे म्हणजे जुन्या चुका स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिणे. म्हणून जेवढे चित्रपट मिळतील तेवढ्यांची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचावी. सुरुवातीला जे सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते, तेथे प्रथम थांबावे. त्यावर चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी आणि प्रमाणपत्राची तारीख असते. ही तारीख प्रदर्शनाची नव्हे. चित्रपट प्रमाणपत्र मिळाल्यावर महिनोनमहिने पडून राहू शकतो आणि चित्रीकरण तर त्याच्याही आधीचे असते. ‘गांधी’चे चित्रीकरण १९८०-८१ मध्ये झाले आणि तो लोकांसमोर आला १९८२ च्या अखेरीस. अभिनेत्रीचे त्या वेळचे वय काढायचे असेल तर चित्रीकरणाचे वर्ष लागते आणि कारकिर्दीचा क्रम लावायचा असेल तर प्रदर्शनाचे, म्हणून दोन्ही रकाने ठेवावेत.

त्यानंतर नावाची जागा पाहावी. तिचे नाव एकटे आले की चौघींच्या गटात, कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, ‘आणि’ असे म्हणून शेवटी सन्मानाने आले की ‘पाहुणी कलाकार’ म्हणून, हे जसेच्या तसे उतरवून घ्यावे. दहा वर्षांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की नाव कोणत्या वर्षापासून वर सरकू लागले ते दिसते. निर्मात्यांच्या लेखी तिचे वजन केव्हा वाढले, याचा यापेक्षा चांगला लेखी पुरावा सहसा मिळत नाही. काही चित्रपटांत नाव येतच नाही. तेथे ‘नाव नाही, भूमिका प्रत्यक्ष पाहिली’ असे स्पष्ट लिहावे.

एक नोंद पूर्ण झाल्यावर कशी दिसते ते असे:

चित्रपट: पार्टी. भाषा: हिंदी. वर्ष: १९८४. दिग्दर्शक: गोविंद निहलानी. मूळ कृती: महेश एलकुंचवार यांचे त्याच नावाचे मराठी नाटक. अभिनेत्री: रोहिणी हट्टंगडी. भूमिका: मोहिनी बर्वे. कथेतील नाते: नाटककार दिवाकर बर्वे यांची सहचरी. कथेतील व्यवसाय: रंगभूमी सोडलेली अभिनेत्री. पुरस्कार: साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार. शेरा: हा पुरस्कार याच वर्षापासून सुरू झाला, म्हणून पहिल्या मानकरी. आधार: (येथे स्वतः पाहिलेली प्रत, पाहिल्याची तारीख आणि पुरस्काराचा लेखी आधार.)

आधाराचा रकाना सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी. तो रिकामा असलेली नोंद अंकात जाऊ देऊ नये.

‘आई’ हा शब्द पुरेसा नाही

भूमिकेच्या रकान्यात नुसते ‘आई’ लिहिण्याचा मोह आवरावा. चरित्र अभिनेत्रीच्या निम्म्याहून अधिक भूमिका या एका शब्दात बसतात आणि नेमके तेथेच तिचे कसब झाकले जाते. तीन प्रश्न प्रत्येक भूमिकेला विचारावेत: ही बाई कथेत काय करते, तिच्यामुळे कथेला वळण मिळते का, आणि ती दिसेनाशी झाली तर कथेचे काही अडते का.

हट्टंगडी यांच्याच तीन आया घेऊ. ‘सारांश’मधील पार्वती प्रधान हिचा एकुलता मुलगा परदेशात मारला गेला आहे आणि भाडेकरू मुलीच्या पोटी तोच पुन्हा जन्म घेणार, या श्रद्धेवर ती उभी आहे. नवऱ्याचा आणि तिचा खरा झगडा त्या श्रद्धेशी आहे, म्हणजे कथेचा अर्धा भार तिच्यावर आहे. ‘अग्निपथ’मधील आई मुलाने धरलेला गुन्ह्याचा मार्ग मान्य करीत नाही. ती थोडा वेळच दिसते, पण नायकाला जे हवे ते फक्त तिच्याचकडे असल्यामुळे ती नसतानाही दृश्यात असते. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मधील आई गावाहून मुंबईत मुलाला भेटायला येते आणि मुलगा डॉक्टर आहे या समजुतीत असते. तिथला विनोद तिच्या निरागसपणावर चालतो, त्यामुळे अभिनेत्रीने विनोद करायचाच नाही, ही त्या भूमिकेची अट आहे. तिन्ही ठिकाणी यादीत ‘आई’ लिहिले तरी चालले असते, आणि मग १९८९ च्या ‘चालबाज’मध्ये याच अभिनेत्रीने पुतणीचा छळ करणारी हास्यास्पद काकू उभी केली हे वाचून वाचक चकित होण्याऐवजी गोंधळला असता.

वयाचा रकाना वेगळा ठेवावा, दोन भागांत: अभिनेत्रीचे वय आणि भूमिकेचे वय. हट्टंगडी यांचा जन्म १९५१ चा. म्हणजे ‘सारांश’मधील वृद्धा साकारताना त्या तिशीच्या पहिल्या काही वर्षांत होत्या, आणि १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये ज्यांच्या आई झाल्या ते अमिताभ बच्चन त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. रीमा लागू यांचा जन्म १९५८ चा, आणि ‘वास्तव’मध्ये त्या ज्यांच्या आई होत्या ते संजय दत्त १९५९ चे. हे आकडे गमतीसाठी गोळा करायचे नाहीत. चालणे, बसणे, आवाजाचा पोत, पदराचे वळण यांतून वय कसे आणले, हे पाहण्यासाठी हा रकाना आपल्याला दृश्याकडे परत पाठवतो. (नायक पन्नाशीत पोहोचला तरी नायकच राहतो आणि समवयस्क अभिनेत्रीला त्याची आई व्हावे लागते, यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. येथे आकडे मांडून पुढे जावे, वाचक शहाणा असतो.)

वर्षांचे सापळे

पुरस्कारांच्या वर्षांत अनेक नोंदी घसरतात. ‘अर्थ’ १९८२ च्या डिसेंबरचा, पण त्यासाठीचा साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार १९८४ च्या समारंभातला. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटिश अकादमीचा साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तो १९८३ मध्ये, तोही अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून. म्हणून पुरस्काराच्या नोंदीत चित्रपटाचे वर्ष, समारंभाचे वर्ष आणि ‘विभागून’ हा शेरा असे तिन्ही असावेत. संस्थांच्या अंकांतून ‘विभागून’ हा शब्द फार सहजपणे गळतो.

दोन भाषांत एकाच वेळी तयार झालेले चित्रपट हा दुसरा सापळा. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ म्हणून निघाला. अशा वेळी दोन नोंदी कराव्यात आणि एकमेकींना जोडून ठेवाव्यात, परंतु भूमिकांची संख्या मोजताना ती एकच धरावी. केवळ डब केलेल्या आवृत्तीला स्वतंत्र नोंद देऊ नये, शेऱ्यात उल्लेख पुरे. तेथे आवाज अभिनेत्रीचा स्वतःचा आहे की दुसऱ्या कोणाचा, हे मात्र कान देऊन ऐकावे. आवाज दुसऱ्याचा असेल तर भूमिकेचा मोठा भाग तिचा उरत नाही, हे माझे मत काहींना कडक वाटेल.

गोव्यातल्या वाचकासाठी आणखी एक सूचना. जुन्या वर्तमानपत्रांत पणजीच्या सिने नॅशनलची किंवा म्हापशाच्या अलंकारची जाहिरात पाहून प्रदर्शनाची तारीख लिहू नये. मुंबईत लागलेला चित्रपट येथे पुष्कळ उशिरा पोहोचत असे. ती तारीख गोव्यातील आगमनाची म्हणून अवश्य टिपावी, कारण अभिनेत्री गोव्याची असेल तर तिच्या गावच्या लोकांनी तिला पडद्यावर प्रथम केव्हा पाहिले, हे त्यातूनच कळते.

मालिकांचा हिशेब निराळा

चित्रपट एकदा पूर्ण झाला की बदलत नाही, मालिका मात्र चालू असतानाच बदलते. म्हणून मालिकेच्या नोंदीत मालिका केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली याबरोबर अभिनेत्री तिच्यात केव्हा आली आणि केव्हा बाहेर पडली हे लिहावे लागते. तिच्या आधी किंवा नंतर तीच भूमिका दुसऱ्या कोणी केली असेल तर तेही लिहावे. वाहिनीचे नाव त्या वेळचे लिहावे: ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा वाहिनी ई टीव्ही मराठी होती, आजचे कलर्स मराठी हे नाव नंतरचे. या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले आणि हट्टंगडी यांची आशा देशमुख त्यात केंद्रस्थानी होती. पुढे २०१३ ते २०१६ या काळात झी मराठीवरच्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये त्याच आईआजी झाल्या. सासूच्या गादीवरून आजीच्या खुर्चीत गेलेली अभिनेत्री प्रेक्षकांनी बदललेली मानली की नाही, हे तपासायचे असेल तर दोन्ही मालिकांचे काही भाग सलग पाहण्याला पर्याय नाही.

हजारो भाग कोणी पाहू शकत नाही, तशी अपेक्षाही नाही. पहिला आठवडा, मधला एखादा महत्त्वाचा प्रसंग आणि शेवटचा आठवडा पाहावा आणि नोंदीत तसे कबूल करावे. दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीत एवढेही हाती लागणार नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण सुरुवातीच्या काळातील पुष्कळसे कार्यक्रम जपले गेले नाहीत. तेथे वर्तमानपत्रातील कार्यक्रमपत्रिका हाच आधार.

गोव्यात कोठे शोधावे

पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून सुरुवात करावी. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळता येतात. गोवा मुक्तीनंतर निघालेल्या ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’ या दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या प्रथम घ्याव्यात, कारण गोव्याच्या कलावंतावरील लेख तेथेच येण्याची शक्यता अधिक. जाताना वर्षांची यादी घेऊन जावे, नुसते ‘काही सापडते का पाहू’ म्हणून गेल्यास दिवस राजकारणाच्या बातम्या वाचण्यात जातो. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरत असल्याने त्याच्या माहितीपुस्तिका येथील घराघरांत पडून आहेत. त्यांतील नामावल्या विश्वासार्ह असतात, परंतु छोट्या भूमिकांची नावे त्यांत नसतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे पुढचे ठिकाण. पूर्वी चित्रपटगृहाबाहेर विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका मिळाली तर सोडू नये, कारण कथेचा सारांश आणि कलाकारांची नावे तिच्या आतल्या पानावर असत.

कोकणीतील काम सुटता कामा नये. ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोकणी चित्रपट १९५० चा, आणि तेव्हापासून कोकणी चित्रपटांची श्रेये पुष्कळदा रोमन लिपीत येतात. व्हीसीडीवर निघालेल्या चित्रीकरणांना सेन्सॉरच्या नोंदीत शोधून उपयोग होत नाही, त्यासाठी मडगाव-म्हापशाच्या जुन्या दुकानदारांना आणि तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातील कलावंतांना विचारावे.

रंगभूमीचा तक्ता स्वतंत्र ठेवावा, पण टाळू नये. आशालताबाई (वाबगावकर) दि गोवा हिंदू असोसिएशन या संस्थेच्या ‘मत्स्यगंधा’मधून गायिका-अभिनेत्री म्हणून लोकांसमोर ठसल्या. १९६४ च्या या नाटकाचे लेखक वसंत कानेटकर आणि संगीतकार मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी. त्यांची भूमिका असलेला बासू चटर्जी यांचा ‘अपने पराये’ हा चित्रपट आला १९८० मध्ये. मधली सोळा वर्षे चित्रपटसूचीत जवळजवळ मोकळी दिसतील आणि रंगभूमीचा तक्ता शेजारी नसेल तर वाचक तिला उशिरा उमललेली अभिनेत्री समजून बसेल. त्यांनी ‘गर्द सभोवती’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले आहे. असे पुस्तक असेल तर ते नोंदींच्या आधी वाचू नये, निम्म्या नोंदी झाल्यावर वाचावे, म्हणजे आठवण आणि कागद यांची तुलना करता येते.

प्रत्यक्ष भेट

अभिनेत्री हयात असेल तर भेटीला रिकाम्या हाती जाऊ नये. तयार नोंदींची छापील प्रत मोठ्या अक्षरांत न्यावी. ‘ताई, तुमच्या गाजलेल्या भूमिका सांगा’ असे विचारले तर वृत्तपत्रांना शंभरदा दिलेले उत्तर मिळते. त्याऐवजी एका दृश्यावर बोट ठेवावे: ‘या प्रसंगात तुम्ही चुलीकडे तोंड करून बोलता, ते दिग्दर्शकाने सांगितले होते का?’ अशा प्रश्नाला खरे उत्तर येते, आणि पाठोपाठ न विचारलेल्या चार गोष्टीही येतात. वर्ष विचारू नये, कोणालाच ते आठवत नसते. चित्रीकरण चवथीच्या आधी होते की नंतर, गावच्या जत्रेला येता आले होते का, मुलगी तेव्हा कितवीत होती, असे विचारावे आणि वर्ष आपण काढावे. ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरुवातीलाच घ्यावी. मानधन, आजारपण, घरातले वाद याविषयी त्या ओघात बोलल्या तरी छापण्यापूर्वी मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी नको म्हटले तर निमूटपणे काढावा. भूमिकेविषयीच्या आठवणीत आणि चित्रपटात फरक आढळला तर दोन्ही लिहावे, कोण चुकले याचा निवाडा देऊ नये.

नोंदी जमल्यावर लेख लिहिताना वर्षांच्या क्रमाने जाण्यापेक्षा भूमिकांचे गट करावेत: घर सांभाळणाऱ्या, घर मोडणाऱ्या, हसवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या. शेवटचा गट जुन्या अभिनेत्रींच्या बाबतीत हमखास सर्वांत लहान निघतो. प्रत्येक गटातून एकच दृश्य निवडून त्याचे बारकाईने वर्णन करावे आणि बाकीच्या भूमिका तक्त्यात जाऊ द्याव्यात. तक्ता अंकाच्या शेवटी पूर्ण छापावा, जागा कमी पडल्यास संदेशांची पाने कमी करावीत. एक प्रत मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावी आणि पहिल्या पानावर नोंद कोणत्या तारखेपर्यंतची आहे ते लिहावे. अभिनेत्री अजून काम करीत असेल तर हे विशेष जरुरीचे आहे: आशालताबाई २०२० च्या सप्टेंबरमध्ये साताऱ्यात करोनाने गेल्या तेव्हा त्या ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेच्या चित्रीकरणात होत्या.